शाळेच्या फाटकापाशी चालू राहणाऱ्या गाड्या

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, कारण शेवटी तुमच्याकडे मदत मागायची आहे.

आम्ही कोथरूडला राहतो. मुलगा दुसरीत आहे. गेल्या हिवाळ्यात त्याचा खोकला महिनाभर हटला नाही. रात्री दोनला उठून बसायचा. पाठीवर हात ठेवला की आतली घरघर तळहाताला कळायची. डॉक्टरांनी दम्याचं निदान केलं, पंप आणि त्याला जोडायची नळी, स्पेसर, सुरू झाले. त्यांनी उदबत्तीपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळं विचारलं आणि मग म्हणाले, "शाळा रस्त्याला लागून आहे का? सकाळी फाटकापाशी किती वेळ उभा असतो?" मला उत्तर देता आलं नाही. रोज सोडायला मीच जाते, पण या नजरेनं कधी बघितलंच नव्हतं.

म्हणून जानेवारीत आठवडाभर वही घेऊन उभी राहिले, पावणेसात ते सव्वासात. शाळा कर्वे रस्त्यावरून आत वळलं की अरुंद गल्लीत आहे, दोन्ही बाजूंना चार-पाच मजली इमारती. पहिल्या सोमवारी २३ चारचाकी थांबल्या. त्यातल्या १६ गाड्यांची इंजिनं मूल आत जाईपर्यंत चालू होती. एक व्हॅन पुढच्या फेरीची वाट बघत वीस मिनिटं घरघरत उभी होती. दुचाकी मोजायचा प्रयत्न दुसऱ्याच दिवशी सोडला. आणि पहिलीतल्या पोरांची नाकं मोठ्यांपेक्षा सायलेन्सरच्या उंचीच्या कितीतरी जवळ असतात. हे एकदा डोळ्यांत भरलं की जात नाही.

मग घरी बसून वाचायला लागले. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण, फुप्फुसाच्या पार टोकापर्यंत पोचणारे. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकानुसार त्यांची वर्षाची सरासरी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी आणि दिवसाची ६० च्या आत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हेच आकडे ५ आणि १५ वर आणले. आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात दिवसाला ३० पर्यंतची हवा 'चांगली' धरतात. म्हणजे मोबाइलवर हिरवा रंग बघून आपण निर्धास्त पोराला बाहेर काढतो, त्या दिवशीही हवा संघटनेच्या मर्यादेच्या दुप्पट असू शकते.

माझे प्रश्न असे. पालकांनी मिळून शाळेपुरतं काय करता येईल? गाड्या बंद करायला लावल्यानं खरंच फरक पडतो का, की मुख्य रस्त्यावरून येणाऱ्या धुरापुढे ते नगण्य आहे? आणि रस्त्याचं काय करायचं?

हवापाणी

पाऊलवाट ताई, तुम्ही वही घेऊन उभ्या राहिलात ते फार बरं केलंत. मी हवा मोजणाऱ्या यंत्रांच्या देखभालीत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून मोजणीबद्दल लिहितो.

पाषाणच्या आयआयटीएमनं, म्हणजे उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, विकसित केलेली 'सफर' यंत्रणा आधी दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी, २०१० मध्ये, बसली आणि नंतर पुण्यात आली. शिवाजीनगर, कात्रज, हडपसर, लोहगाव, निगडी अशा ठिकाणी तिची केंद्रं आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाची मोजणी वेगळी. ही केंद्रं परिसराची हवा सांगतात आणि त्यासाठी ती उत्तम आहेत. फाटकापासून तीन फुटांवरची हवा सांगणं हे त्यांचं कामच नाही. रस्त्याच्या कडेला असलेलं धुराचं प्रमाण शे-दीडशे मीटर आत गेलं की झपाट्यानं उतरतं. म्हणून एकाच पेठेत दोन घरांची हवा वेगळी असते.

तुमच्या गल्लीत दोन गोष्टी एकत्र आल्यात. पहिली, दोन्हीकडे उंच भिंती आणि मध्ये चिंचोळा रस्ता. वारा वरून निघून जातो, खालची हवा तिथेच गोल गोल फिरत राहते. दुसरी म्हणजे हिवाळ्यातली सकाळ. रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते आणि वर तुलनेनं उबदार हवेचं झाकण बसतं. आपलं शहर टेकड्यांनी वेढलेलं, त्यामुळे खोलगट भागात गार हवा आणखी साचते. ऊन तापून हे झाकण उचलेपर्यंत नऊ-दहा वाजतात. दुपारी तेवढ्याच गाड्या तेवढाच धूर सोडतात, पण तो वर निघून जायला वाट असते. सकाळी सातला ती नसते. आणि नेमकी तीच शाळेची वेळ.

फरक पडतो का विचारलंत. शहराच्या सरासरीत पडणार नाही. फाटकापाशी त्या अर्ध्या तासात नक्की पडेल, कारण तिथला मोठा वाटा नाकासमोरच्याच गाड्यांचा आहे.

मोगरा२१

मी स्पष्ट लिहिते, राग मानू नका. तुमच्या त्या १६ गाड्यांतली एक माझी असू शकते. दोघंही नोकरी करतो, मला नऊला हिंजवडीत पोचायचं असतं. स्कूल बस आमच्या गल्लीत येत नाही. पोराला पायी पाठवायचं तर फुटपाथवर आधी हातगाड्या, मग पार्क केलेल्या दुचाकी, मग उघडं चेंबर. रस्त्यावर उतरावं तर उलट दिशेनं येणारे. सकाळी साडेसहाला हे कुणाच्या भरवशावर करू? इंजिन बंद करते, आजपासून करेन, ते मला पटलं. पण गाडी आणणंच चूक आहे असा सूर लागला तर माझ्यासारख्या बायका धागा बंद करून निघून जातील.

पाऊलवाट

मोगरा, सूर तसा लागला असेल तर माफी मागते. मीही पावसाळ्यात गाडीच काढते. फुटपाथचा मुद्दा हवेच्या धाग्यात यायलाच हवा होता आणि तो माझ्याकडून राहिला.

धूरतपास

पीयूसी सेंटर चालवतो. इथे बऱ्याच जणांना वाटतं की सर्टिफिकेट आहे म्हणजे गाडी स्वच्छ. नीट समजून घ्या.

पेट्रोल गाडीला आम्ही सायलेन्सरमध्ये प्रोब घालून, गाडी उभी असताना, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतो. डिझेलला रेस देऊन धुराचा काळेपणा मोजतो. बारीक कण किती आणि नायट्रोजनची ऑक्साइडं किती हे या तपासणीत येतच नाही. त्यामुळे पीयूसी म्हणजे तापाचं थर्मामीटर. ताप नाही म्हणजे आजार नाही, असं होत नाही. तरीही ते काढाच. बीएस-४ (धुराच्या सरकारी मानकाचा टप्पा) आणि त्यापुढच्या गाडीला वर्षभराचं मिळतं, जुन्यांना सहा महिन्यांचं. गाडी न आणता नुसता नंबर सांगून सर्टिफिकेट मागणारे लोक येतात, त्यांना मी परत पाठवतो.

शाळेच्या फेरीबद्दल एक सांगतो. सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, विषारी वायू तोच निवळतो. पण तो चांगला तापल्याशिवाय काम करत नाही, अडीचशे-तीनशे अंश लागतात. घरून दीड किलोमीटरवर शाळा, थंडीतली सकाळ, गार इंजिन. कन्व्हर्टर धड तापेपर्यंत तुम्ही फाटकापाशी पोचलेले असता. म्हणजे अंतर सगळ्यांत कमी आणि दर किलोमीटरला धूर सगळ्यांत जास्त. डिझेलच्या नव्या गाड्यांत काजळीची गाळणी असते, तिचंही तेच. छोट्या छोट्या फेऱ्यांनी ती तापत नाही, काजळी साचते आणि डॅशबोर्डावर दिवा लागतो.

सेल्फ मारताना जास्त पेट्रोल जातं हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला. आताच्या इंजेक्शनवाल्या गाडीला दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर बंद करणंच परवडतं.

धुराचा रंग बघायला पोरांना शिकवा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही, एअर फिल्टर तरी चोंदलाय नाहीतर नोझल बिघडलेत. दोन्ही गॅरेजमध्ये दुरुस्त होतं.

उड्डाण

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मला वाटतं मूळ दुखणं कोंडी आहे. गाडी वाहती राहिली तर धूर कमी. नळस्टॉपला २०२२ मध्ये दुमजली पूल झाला, वर मेट्रो आणि खाली गाड्या, तेव्हा सिग्नलला थांबणं वाचलंच ना? रस्ते रुंद करा, पूल बांधा, गाड्या पटकन निघून जातील. पालकांना दोष देण्यापेक्षा हे मागा.

स्टेअरिंग

उड्डाणसाहेब, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. अर्धं अनुभवाला धरून नाही. २८ वर्षं या शहरात बस चालवली, सेवानिवृत्त आहे. सावकाश टाइप करतो.

मान्य काय, तर थांबून निघताना इंजिन सगळ्यांत जास्त ओकतं. पहिल्या गियरमध्ये भरलेली बस उचलायची तर मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर काय जातं ते मी आरशात बघितलंय. आमच्या जुन्या गाड्यांचं इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. डाव्या मांडीला दिवसभर धग. संध्याकाळी घरी गेल्यावर शर्टाची कॉलर आणि रुमाल मंडळी वेगळ्या बादलीत भिजवायच्या.

मान्य काय नाही, तर पूल. पूल चढतो तसा उतरतोही. उतरतो तिथे पुढचा सिग्नल उभाच असतो. कोंडी पुढच्या चौकात जाऊन बसते आणि रस्ता मोकळा दिसला की दोन-तीन वर्षांत आणखी गाड्या येतात. विद्यापीठ चौकातला पूल बांधला आणि २०२० मध्ये पाडला, दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज ते स्वारगेट ते हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन, सुरू झाली, देशातली पहिली. तिच्यात उणिवा होत्या, अपघात झाले, सगळं कबूल. पण बसला स्वतःची लेन मिळाली की काय होतं ते मी स्टेअरिंगवर बसून अनुभवलं. पलीकडे गाड्या ठप्प आणि माझी बस साठ-सत्तर माणसं घेऊन सरळ निघालेली. साठ माणसं म्हणजे चाळीस-पन्नास दुचाकी रस्त्यावरून कमी. धुराचा हिशोब गाडीमागे न करता माणसामागे करा, मग पुलाला किती पैसे आणि बसला किती, हे आपोआप कळेल. २०१९ पासून विजेच्या बस आल्या आहेत. त्यांच्या ड्रायव्हरची कॉलर पांढरी असते. मला आनंद होतो बघून.

बस वेळेवर येत नाही ही मोगराताईंसारख्यांची तक्रार खरी आहे. गाड्या वाढल्याशिवाय ती जायची नाही. पालकांनी ते मागावं.

रंकाळा

स्टेअरिंग काका, प्रतिसाद खूप आवडला. कोल्हापुरात गावाच्या मध्यभागातल्या शाळांपुढे रोज हेच दृश्य असतं. लहान शहरात हवा चांगलीच असणार असं धरून चालू नये.

टेम्सकाठी

लंडनहून लिहितेय, मूळची सदाशिव पेठेतली. इथला अनुभव सांगावासा वाटला, कारण इथेही सगळं एका मुलीपासून हललं.

एला किस्सी-डेब्रा. दक्षिण लंडनमध्ये लुईशमला, साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्याजवळ राहायची. तीव्र दमा. वारंवार हॉस्पिटलात भरती. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली, तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या आईनं, रोझमंडनं, चौकशी पुन्हा उघडायला लावली आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरनं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, निकाल दिला की तिच्या मृत्यूला हवेचं प्रदूषण कारणीभूत ठरलं. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या कारणांत प्रदूषणाची अशी नोंद पहिल्यांदाच झाली. पाऊलवाट, तुमच्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न वाचून मला तीच आठवली.

धोरणांचं म्हणाल तर २००३ मध्ये मध्य लंडनमध्ये गाडी आणायला दिवसाला ५ पौंड लागले. तो मुख्यतः कोंडीवरचा कर. हवेसाठी खास नियम एप्रिल २०१९ पासून. जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. ऑगस्ट २०२३ मध्ये तो अख्ख्या लंडनला लागू झाला. विरोध प्रचंड झाला. कॅमेरे तोडले, मोर्चे निघाले. ज्यांच्याकडे नवी गाडी घ्यायला पैसे नाहीत त्यांचं दुःख खरं होतं, जुनी गाडी मोडीत काढायला अनुदानही द्यावं लागलं. मात्र रस्त्यावरच्या नायट्रोजन डायऑक्साइडचं प्रमाण उतरलं, हे मोजणीतून दिसलं.

इथल्या चुकीतूनही शिकण्यासारखं आहे. २००० नंतरच्या काळात कार्बन कमी होतो म्हणून सरकारनं करसवलती देऊन लोकांना डिझेलकडे वळवलं आणि रस्त्यारस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडं वाढवून ठेवली. एक आकडा सुधारताना दुसऱ्याकडे डोळेझाक झाली की असं होतं.

तुमच्या उपयोगाची गोष्ट मात्र साधी आहे. शाळा भरताना आणि सुटताना पाऊण-एक तास शाळेपुढचा रस्ता गाड्यांना बंद ठेवतात, रहिवासी आणि अपंगांच्या गाड्या सोडून. लंडनमध्ये अशा शेकडो शाळा आहेत. आणि गाडी उभी करून विनाकारण इंजिन चालू ठेवलं तर २० पौंडांचा दंड आहे. पण दंड क्वचित होतो, काम करते ती समोर उभं राहून केलेली विनंती.

गिरगावकर

मुंबईहून. समुद्राचा वारा आहे म्हणून आपलं काही बिघडत नाही, असं आम्ही वर्षानुवर्षं मानलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये वारा पडला, शहर करडं झालं आणि उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली.

दोन गोष्टी जोडतो. इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणजे सुटलो असं नाही. ब्रेक आणि टायर झिजून कण निघतातच आणि रस्त्यावरची धूळ चाकांनी उडतेच. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते म्हणून ब्रेकची झीज घटते, पण गाडी जड असते, टायर झिजतात. विजेची बस आणि विजेची कार यांना म्हणूनच एका मापानं मोजू नये.

दुसरं, पैशांचं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, पुणे-मुंबई त्यात आहेत. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं २०२४ मध्ये खर्चाचा आढावा घेतला, तेव्हा ६४ टक्के पैसा रस्त्याच्या धुळीवर गेलेला दिसला. वाहनांच्या धुरावर १३ टक्क्यांहूनही कमी. धूळ झाडायलाच हवी, राडारोड्याचे उघडे डंपर झाकायलाच हवेत. पण हा कार्यक्रम पीएम १० च्या, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या, आकड्यावर जोखला जातो. जाड कण झाडून तो खाली आणता येतो, पाऊलवाट यांच्या मुलाच्या छातीत जाणारा बारीक धूर तसाच राहतो. वॉर्डात अर्ज कराल तेव्हा झाडू आणि पाण्याच्या फवाऱ्यावर समाधान मानू नका.

पाऊलवाट

तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण हाती काही आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

तुमचे प्रतिसाद छापून मुख्याध्यापिकांना दिले. त्यांना सगळ्यांत जास्त भिडली ती सायलेन्सरच्या उंचीची गोष्ट. त्या स्वतः फाटकापाशी गुडघ्यावर बसल्या आणि काही न बोलता उठल्या. मग पालकसभेत ठरलं ते असं. चारचाकी गल्लीत आणायच्या नाहीत, कोपऱ्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर थांबवायच्या, मूल तिथून दोन मिनिटं चालत येईल. मालकांनी सकाळ-दुपार अर्धा तास परवानगी दिली आहे. व्हॅनवाले काका आधी नाराज होते. त्यांच्याशी वाद न घालता विचारलं, तेव्हा अडचण कळली. एकाची बॅटरी कमजोर होती, बंद केली की सुरू होत नाही, म्हणून तो चालू ठेवायचा. पालकांनी वर्गणी काढून बॅटरी बदलून दिली. शाळेचं दुसरं, मागचं दार उघडायला सुरुवात झाली. लहान वर्ग आता तिकडून आत जातात.

पहिल्या आठवड्यात मी आणि दोन बाबा पाटी घेऊन उभे राहिलो. काहींनी ऐकलं, काहींनी काच वर केली. काल मोजलं तेव्हा गल्लीत ५ चारचाकी आल्या, दोन चालू होत्या. मुलाचा खोकला यानं गेला असं मी म्हणणार नाही, पंप चालू आहे आणि ऋतूही बदललाय. पण फाटकापाशी डोळे चुरचुरत नाहीत एवढं मी स्वतः सांगू शकते.

जमलं नाही ते म्हणजे फुटपाथ. अर्ज दिला, पोच घेतली, पुढे हालचाल नाही. बसच्या वेळांसाठी वेगळं पत्र तयार करतोय. स्टेअरिंग काका, सकाळी सहा ते साडेसातच्या फेऱ्यांबद्दल नेमकं काय मागायचं ते लिहून द्याल का?

स्टेअरिंग

देतो. नुसतं "बस वाढवा" लिहू नका. थांब्याचं नाव, वेळ, त्या वेळेला किती मुलं आणि पालक उभे असतात, हे आठवडाभर मोजून लिहा. तुमची वही आहेच. गरज नेमकी दाखवली की डेपोत वेळापत्रक करणाऱ्याच्या हाताशी काहीतरी येतं. मसुदा शनिवारी पाठवतो.

मोगरा२१

आमच्या सोसायटीतली सात मुलं तुमच्याच शाळेत आहेत हे परवा कळलं. आम्ही चार आयांनी वार वाटून घेतलेत. ज्या दिवशी जिची पाळी, तिनं सगळ्यांना चालवत न्यायचं, बाकीच्या तिघींनी गाडी काढायची नाही. माझा मंगळवार आणि शुक्रवार. साडेसहाला दत्तमंदिराच्या कट्ट्यापासून निघतो. वाटेतली आणखी मुलं घेता येतील.

पाऊलवाट

मोगरा, माझा मुलगा मंगळवारी कट्ट्यावर असेल. एकच सांगते, मंदिराच्या पुढच्या वळणावर साडेसहा-पावणेसातला बांधकामाचे डंपर येतात आणि तिथे फुटपाथ नाही. त्या वळणावर पुढे एक आणि मागे एक मोठं माणूस हवं. पुढे तू, मागे मी येते.